फादरसमोर संमोहन

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात आठवड्याभराचा संमोहनाचा कोर्स करून मी आखातात, फुजैराला परतले, तेव्हा खरं सांगते, माझ्या डोक्यात हवा गेली होती. नवऱ्याची डोकेदुखी, भिशीतल्या बायकांचा निद्रानाश, सगळ्यांवर माझे प्रयोग सुरू झाले.

समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण वसईची, पक्की कॅथलिक. एका वादळी प्रवासानंतर तिने विमानाची अशी धास्ती घेतली होती की चार वर्षं माहेरी गेलीच नव्हती. आता भावाचा फोन आला: आई माणसं ओळखेनाशी झालीय, लवकर ये. नवऱ्याने तिकीट काढलं आणि ही बाई रडत बसली. मी म्हटलं, "अगं, मी आहे ना! तासाभरात भीती खलास."

"संमोहन? पाप लागेल मला!"

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तिने थेट फादरनाच विचारलं. फादर गोव्याचे, मिस्कील. म्हणाले, दीड-दोनशे वर्षांपूर्वी आमच्याच गोव्याचा एक पाद्री युरोपात लोकांना नुसतं 'झोपा' म्हणून झोपवायचा, आणि चर्चवाले सैतानाचं काम म्हणत हात धुऊन त्याच्या मागे लागले. आता तेवढं कडक नाही, जाणत्या माणसाकडून इलाज म्हणून चालतं. "पण तुमची शेजारीण जाणती आहे का, ते मी येऊन बघतो."

मला असा राग आला! माझी परीक्षा घेणार! पण आले बापडे, चहा-चकली घेऊन कोपऱ्यात बसले. "यल्ला, चला, करा सुरू."

मी आवाज खाली आणला. "तू जिना उतरते आहेस... खाली... आणखी खाली..."

तिने खाडकन डोळे उघडले. "खाली कुठे? नरकात?"

"बरं बाई, वर चढ."

"वर? वर तर विमान!"

फादर पोट धरून हसायला लागले. मी इतकी चिडले की शिकलेलं सगळं विसरले. "मग काढ तुझी रोझरी आणि म्हण काय म्हणायचं ते!"

ती म्हणू लागली. विसाव्या मण्याशी तिचे खांदे सैल पडले, श्वास लांबला. मी हळूच सांगत गेले, विमान हलेल, तुझी बोटं मण्यांवर राहतील, पुढे आई आहे.

ती विमानाने गेली. दोन दिवसांनी वसईहून तिचा फोन आला. मी तोऱ्यात म्हटलं, "कबूल कर, गुण माझ्या संमोहनाचा!"

एरवी भांडली असती. "आईने मला नावाने हाक मारली," ती म्हणाली. "एकदाच. मग विचारलं, तू कुणाची? पण हाक मारली गं!"