रखमावहिनींचा दुकानातला सोफा

सोसायटीची सेक्रेटरी असताना मी रावसाहेब खरातांना तीन नोटिसा बजावल्या. पहिली रविवारी दुपारी ठोकाठोक केल्याबद्दल. दुसरी जिन्यात लाकूड ठेवल्याबद्दल. तिसरी लावायला खाली गेले, तर भिंतीवर नवाकोरा नोटीसबोर्ड! "सेक्रेटरी मॅडम, तुमचे कागद वाऱ्यानं उडत्यात, म्हनून केला," म्हणाले. त्यांच्याच बोर्डावर मी त्यांचीच नोटीस लावली. नियम म्हणजे नियम. ते शेजारी उभे राहून मला टाचण्या देत होते.

रावसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव, कुणी दिलेली पदवी नव्हे. जालन्याकडच्या एका खेड्यातून ते तुर्भ्याला आले ते खोकी ठोकणारे मजूर म्हणून. दहा-बारा वर्षांनी तिथंच त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. परदेशी जाणारी यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून न्हावा शेव्याच्या बंदरात जातात, त्या पेट्या ते बनवायचे. आपल्याकडची कीड लाकडातून बाहेरदेशी जाऊ नये म्हणून ते लाकूड आधी भट्टीत तापवावं लागतं आणि त्यावर कारखान्याच्या नंबराचा शिक्का मारावा लागतो. हे सगळं ज्ञान त्यांनी मला जिन्यात उभं करून दिलेलं आहे. माझ्या हातात चार किलो भाजी होती.

उरलेलं लाकूड फेकायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यातून त्यांनी सोसायटीमागच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची टेबलं केली, विहारातलं पुस्तकांचं कपाट केलं, बालवाडीची घसरगुंडी केली, रिक्षा स्टँडवर बाक टाकलं. त्या बाकाच्या पाठीवर 'ही बाजू वर' असा बाण छापलेला आहे. कुणी पैसे विचारले की ते दुखावायचे. लोक लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. रावसाहेब भाकऱ्या भाजून वर पोळपाटही देऊन टाकायचे.

घरच्यांवर जीव नव्हता असं कुणी म्हणेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. हा माणूस रोज दुपारी तुर्भ्याहून सीवूड्सला जेवायला घरी यायचा, कारण रखमावहिनी एकट्या जेवायला बसल्या की अर्धी भाकरी कमी खातात. आकाश आणि संघमित्रा या दोन्ही मुलांच्या शाळेतली एकही पालकसभा त्यांनी चुकवली नाही. रखमावहिनी उंचीनं बेताच्या, म्हणून स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या त्यांच्या हाताला येतील अशा लावलेल्या. त्या फळ्यांवर स्वतः रावसाहेबांचं डोकं आपटायचं. कपाळावर कायम एक टेंगूळ, आणि त्याचा त्यांना अभिमान!

पण घरात केलेली वस्तू घरात टिकायची नाही. कुणी येऊन "छान आहे हो" म्हटलं की संपलं. "न्या की," म्हणायचे, आणि स्वतःच उचलून खाली टेम्पोत ठेवून यायचे. संघमित्राच्या दहावीच्या परीक्षेला आठवडा उरला असताना तिचं टेबल अभ्यासिकेत गेलं. पोरगी मग रोज अभ्यासिकेत जाऊन आपल्याच टेबलावर बसायची, आणि तिथंही नंबर लावावा लागायचा.

रखमावहिनींनी कधी भांडण केलं नाही. एकदा मात्र माझ्याकडे चहा पिताना त्या म्हणाल्या, "ताई, मला एकच वस्तू अशी पायजे, जी घरातनं जानार नाई. त्यांनी हातानं केलेलं त्यांना आपलं वाटतं, म्हनून देऊन टाकत्यात. इकतचं आनलं तर ते माझं. एक सोफा पायजे मला. दुकानातला."

हे मी त्याच संध्याकाळी रावसाहेबांच्या कानावर घातलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरोबर हाय तिचं. चुकलंच माझं."

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला ते वहिनींना एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात घेऊन गेले. मत द्यायला म्हणून मलाही नेलं. तिथं एसी, मंद संगीत, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले रावसाहेब जमिनीवर उताणे झोपून सोफ्याखाली डोकं घालून ठकठक करतायत. विक्रेता धावत आला. "सर, काही हरवलंय का?"

"लाकूड," आतून आवाज आला.

तेवढ्यात रखमावहिनी एका मरून रंगाच्या सोफ्यावर बसल्या. त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते, पण चेहरा असा फुलला होता की मी किमतीची चिठ्ठी हळूच उलटी करून ठेवली. रावसाहेबांनी त्या सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दाढ दुखत असावी तसं तोंड झालं होतं त्यांचं. पण बायकोला म्हणाले, "झकास हाय. हाच घेऊ."

आठ महिन्यांनी ते माझ्या दारात. आवाज अगदी खालचा. "सेक्रेटरी मॅडम, हिला तासभर कुठंतरी न्या."

"का?" माझं पद जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्यासाठी मी मरेपर्यंत सेक्रेटरी मॅडमच.

"सोफ्याचा पाय हललाय. हिला कळलं तर म्हनंल, जाऊ द्या, तुमीच नवा करा घरी."

"मग करा की! त्यात काय एवढं?"

त्यांनी कपाळावरचं टेंगूळ चोळलं. "मी केला तर कुनाला तरी देऊन टाकीन ओ. मला माझा भरवसा नाई. हा दुकानातलाच राहू द्या."

आता अशा माणसाला काय नोटीस देणार? मी वहिनींना मॉलमध्ये नेलं. एकही वस्तू न घेता दीड तास फिरवलं. परत आलो तेव्हा रावसाहेब पेपर वाचत बसले होते आणि डोक्यावर भुसा होता.

पुढची चार वर्षं हेच. पायानंतर दुसरा पाय, मग पाठ, मग मधली आडवी पट्टी. चारही पाय बदलून झाले तेव्हा सोफा चार बोटं बुटका झाला होता आणि वहिनींचे पाय जमिनीला टेकत होते. "माप चुकलं वाटतं," मी म्हटलं. ते नुसते हसले. माझ्याकडे मात्र वहिनींना बाहेर न्यायला कारणं उरली नाहीत. एकदा तर मी त्यांना खाडीवर फ्लेमिंगो बघायला घेऊन गेले, जूनमध्ये. फ्लेमिंगो केव्हाच निघून गेले होते. आम्ही दोघी चिखल बघून आलो. दुसऱ्या दिवशी नवा सेक्रेटरी नंदकिशोर विचारत आला, काल दुपारी ठोकाठोक कोण करत होतं? मी म्हटलं, मी. खलबत्ता. आयुष्यभर मी खोटं बोलले नव्हते. या माणसापायी तेही झालं. आणि ही गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय यातना होत्या ते माझं मलाच माहीत.

गेल्या जानेवारीत रावसाहेब गेले. दुपारचं जेवण झालं, हात धुवायला उठले आणि छातीत कळ येऊन तिथंच बसले, ते उठलेच नाहीत. मला आधी रागच आला. मग रडू आलं. इतकं, की माझ्या भावाच्या वेळीही आलं नव्हतं.

सातव्या दिवशी खाली सोसायटीच्या आवारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता. वस्ती लोटली होती. अभ्यासिकेत शिकून आता तीच सांभाळणारा तेजस तिघांना घेऊन वर आला. "आकाशदादा, माजी नगरसेवक येतायत. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कसं बसवायचं? सोफा तेवढा नेतो." आकाश बापाचाच मुलगा. "न्या की," म्हणाला.

चौघांनी सोफा उचलला. दुकानातला सोफा एवढा जड कसा, असं म्हणत दारात वळवताना एकाचा हात सुटला आणि सोफा पालथा झाला. खालचं कापड टरकलं. आत पायांवर, पट्ट्यांवर, कोपऱ्यांवर सगळीकडे तुर्भ्याच्या कारखान्याचा शिक्का! मी मोजले, अकरा. दुकानाचं त्यात वरचं मरून कापड तेवढं उरलं होतं.

रखमावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. "वहिनी, मी तुम्हाला सांगणारच होते…"

"काय सांगनार ताई? झाडू मीच मारते ना. खालचं कापड एका कडेनं सुटलेलं, वाकलं की आतलं दिसायचं. दर खेपेला एक शिक्का वाढलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तो त्यांचा झाला असता. मग राह्यला असता का घरात?"

मी खाली बसून ते टरकलेलं कापड आत खोचायला लागले.

तेजस बिचारा अवघडून उभा होता. "काकू, दोनच तास. कार्यक्रम झाला की लगेच आणून देतो. काका असते तर हो म्हणाले असते."

"ते हो म्हनलेच असते," रखमावहिनी म्हणाल्या. "पस्तीस वर्सं, चाळीस वर्सं, तेच हो म्हनत आले. मला कुनी इचारलं नाई. आता माझ्या घरात आलाय, तर मला इचारा."

बाकीच्या तिघांनी तेजसकडे पाहिलं. शेवटी तेजसनंच हळू आवाजात विचारलं, "काकू, नेऊ का?"

"नाई."

चौघा पोरांनी सोफा सरळ केला आणि होता तिथं नेऊन ठेवला. रखमावहिनी त्यावर बसल्या, शेजारची जागा हातानं झटकली, मला म्हणाल्या, "बसा ताई." मी बसले. मग सात दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या, मोठ्यानं, माझा हात घट्ट धरून. आकाशनं दार लोटून घेतलं.

माजी नगरसेवक प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. त्यांना काही झालं नाही.