माझ्याकडे वळा

नाव: नीलकंठ धोटे. नग: एक. मूळ उत्पादन अकोला जिल्ह्यातले, जुळणी जबलपूर येथे. सध्या मुक्काम कांचघर. खमरियाच्या कारखान्यातील तपासणी विभागातून सन्मानपूर्वक निवृत्त. बांधा आटोपशीर, आवाज खणखणीत, चष्मे दोन, पैकी एक सापडण्याच्या प्रतीक्षेत. डाव्या मनगटावर घड्याळ, कायम. वक्तशीर. दिशाज्ञान निर्दोष. संपूर्ण सेवाकाळात सदोष माल पास केल्याची नोंद नाही.

हे वर्णन निरोप समारंभातल्या मानपत्राचं. मानपत्राबरोबर शाल आणि श्रीफळही मिळालं होतं. श्रीफळ त्याच आठवड्यात चटणीत गेलं, शाल कुंदाबाईंनी इस्त्रीखाली अंथरली, आणि मानपत्र तेवढं भिंतीवर टिकून राहिलं.

तपासणी विभागात गेज नावाचं एक साधं हत्यार असतं. घडवलेल्या भागाच्या भोकात ते घालून बघायचं. जायला हवं ते टोक गेलं तर 'गो', जायला नको ते गेलं तर 'नो-गो'. मधलं काही नसतं. आख्खं आयुष्य या दोन शब्दांत बसतं अशी नीलकंठरावांची खात्री होती. कुंदाबाईंचं वरण गो. शेजाऱ्यांचा नवा रंग नो-गो. माणूस चंद्रावर गेला की नाही, यावरचा निकाल त्यांनी राखून ठेवला होता, कारण नमुना हाती आला नव्हता.

अशा या निर्दोष माणसावर एकच डाग होता, आणि तो अल्बममध्ये होता. त्यांची धाकटी बहीण प्रमोदिनी मझौलीला दिलेली. तिच्या थोरल्या मुलीच्या, वैभवीच्या लग्नात नीलकंठराव सख्खे मामा. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे काम मामाचं. कुंदाबाई मामी म्हणून चार दिवस आधीच गेल्या होत्या. नीलकंठराव लग्नाच्या सकाळी एकटे गाडी घेऊन निघाले, आणि काचेला चिकटवलेल्या रस्ता सांगणाऱ्या यंत्राचं ऐकत ऐकत हिरन नदीच्या काठी पोहोचले. तिथे एक जण म्हशी धुवत होता. त्याने म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे सांगितलं, "मझौली? वो तो पीछे छूट गई."

इकडे मुहूर्त थांबेना. तेव्हा चुलतभाऊ बंडू मामा म्हणून उभा राहिला. तो प्रत्येक फोटोत आहे. तेव्हापासून कुठल्याही कार्यात बंडू पिशवीत फेटा ठेवून येतो आणि दारातूनच विचारतो, "नीलकंठदादा आले काय जी? नसतील तर काही टेन्शन नाही."

सगळा दोष यंत्रावर गेला. अनिमेषने, म्हणजे मुलाने, पहिल्या पगारातून घेतलेलं ते यंत्र नंतर एका मे महिन्यात डॅशबोर्डवर उन्हाने फुगलं आणि बंद पडलं. नीलकंठरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लाच खाताना पकडलेल्या ठेकेदाराकडे बघतात.

आणि आता प्रमोदिनीच्या धाकट्या मुलीचं, मैत्रेयीचं लग्न आलं. प्रमोदिनीला मुलगा नाही, तिसरी मुलगी नाही. नीलकंठरावांची मामा होण्याची ही शेवटची संधी. त्यातून जबलपूरहून गुरुजींना आणायचं कामही त्यांच्याकडेच, कारण मझौलीत मराठी मंगलाष्टकं म्हणणारं कोणी नाही. आणि गुरुजींना आदल्या संध्याकाळी जबलपुरात दुसरं एक लग्न लावायचं होतं. म्हणजे पुन्हा तेच: मामी चार दिवस आधी, मामा लग्नाच्या सकाळी.

"फोनवर नकाशा असते ना," कुंदाबाई म्हणाल्या.

"असते. पण मागच्या वेळी रस्त्यात किती फोन आले? नकाशा उघडला की प्रमोदिनी. नकाशा उघडला की जावई. 'कुठपर्यंत आले, कुठपर्यंत आले.' ज्याला मी कुठे आहे हे समजून घ्यायचं आहे, तोच मला समजू देत नाही. फोन नो-गो."

"मग घ्या नवं यंत्र. पाच हजार. त्याच्यावर गेलं, तर त्या यंत्रालाच म्हणा, मामा म्हणून तूच उभा राह्य."

रसल चौकाजवळ चिरागचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हरं, हॉर्न, गाडीत लावायचे देव आणि देवांना लावायचे दिवे. चिरागने तीन यंत्रं मांडली. पहिलं ताटाएवढ्या पडद्याचं, ते बजेटबाहेर होतं, पण चिराग म्हणाला, "अंकल जी, देखने के पैसे थोड़ी लगते हैं." दुसरं आरशात बसवलेलं, म्हणजे मागचे ट्रक आणि पुढचा रस्ता एकाच जागी. तिसरं बिननावाचं. त्याचा आवाज इतका गोड, की त्याने खड्ड्यात नेलं तरी माणूस आभार मानेल.

"चाचणी घेतल्याशिवाय लॉट पास होत नाही," नीलकंठराव म्हणाले. "आणि चाचणी अनोळखी रस्त्यावर. ओळखीच्या रस्त्यावर घेणं म्हणजे स्वतःच्या पोराला स्वतः मार्क देणं."

मग वरात निघाली. नीलकंठराव स्टिअरिंगवर, अंगात कुंदाबाईंनी विणलेला लांब बाह्यांचा स्वेटर. शेजारी कुंदाबाई. मागे तिन्ही यंत्रं मांडीवर घेऊन चिराग, तिळ्यांच्या बापासारखा. गाडी तिलवाऱ्याच्या बाजूच्या नव्या कॉलन्यांमध्ये शिरली. तिथले सगळे रस्ते सारखे, सगळी घरं सारखी आणि सगळे कुत्रे एकाच आईचे.

"आगे से बाएँ मुड़िए," ताटाएवढं यंत्र म्हणालं.

"माझ्याकडे," कुंदाबाई म्हणाल्या. नीलकंठराव वळले.

"अब दाएँ मुड़िए."

"तुमच्याकडे." नीलकंठराव वळले.

"गो!" ते म्हणाले. तेवढ्यात कुंदाबाईंना मटारचा ठेला दिसला.

"थांबा, थांबा! अस्सल मटार दिसून राहिला. तुम्ही मारा एक चक्कर, मी इथंच हाये."

त्या उतरल्या, आणि त्या क्षणी यंत्र बिघडलं. निदान नीलकंठरावांना तसं वाटलं. ते बाएँ म्हणालं, नीलकंठराव वळले, ते म्हणालं, "रास्ता फिर से ढूँढा जा रहा है." ते दाएँ म्हणालं, हे वळले, ते पुन्हा रस्ता शोधायला लागलं. चार वळणांनंतर गाडी मटारच्या ठेल्यासमोरून गेली. कुंदाबाईंच्या हातात एक पिशवी होती. त्यांनी हात केला.

"नो-गो. दुसरं लावा!"

दुसरं लागलं. गाडी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या दारात गेली, तिथे आचाऱ्याने "कढई लाए क्या?" विचारलं, तिथून मागे फिरली, आणि या वेळी उलट्या बाजूने ठेल्यासमोरून गेली. कुंदाबाईंच्या हातात दोन पिशव्या होत्या. त्यांनी "अहो!" म्हटलं. थांबायची सोय नव्हती, यंत्र सरळ जा म्हणत होतं.

"नो-गो. तिसरं!"

गोड आवाजाने त्यांना तीच कॉलनी आणखी तीनदा दाखवली. एक आजोबा फाटकात उभे राहून मोजायला लागले. कुत्री आधी भुंकली, मग कंटाळून बसली. तिसऱ्यांदा ठेला आला तेव्हा कुंदाबाईंकडे इतका मटार होता, की ठेलेवाल्यानेच त्यांना बसायला स्टूल दिलं होतं.

नीलकंठरावांनी ब्रेक दाबला. "तिन्ही माल सदोष! परत करा!"

मागून चिराग हळूच म्हणाला, "अंकल जी, बुरा मत मानना. मशीन तो बाएँ बोल रही थी. आप दाएँ जा रहे थे. हर बार."

नीलकंठरावांची नजर मनगटाकडे गेली. तिथे स्वेटरची बाही होती, बाहीखाली घड्याळ. मॅट्रिकला वडिलांनी बांधलं होतं. ज्या हातात घड्याळ तो डावा, एवढं एकच गेज त्यांच्याजवळ होतं, आणि थंडीत ते झाकलेलं राहायचं. वैभवीच्या लग्नातही कोट होता. हिरनच्या काठी शंका त्यांनाही आली होती. पण तपासणी विभागात शंका आली की पहिलं पत्र पुरवठादाराला जातं.

कुंदाबाई पिशव्यांसकट आत बसल्या. चिरागने भीत भीत हकीकत सांगितली. त्यांनी एक शेंग सोलली.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. भेडाघाटला जायला निघालो आणि खमरियाच्या गेटवर पोहोचलो, तेव्हापासून. स्कूटरवर होतो तोवर मी वळायच्या बाजूच्या खांद्यावर टिचकी मारायची. गाडी आली तसं माझ्याकडे-तुमच्याकडे सुरू केलं."

नीलकंठरावांना हा धक्का दुहेरी होता. इतकी वर्षं त्यांचा समज असा, की डावं-उजवं बायकोला कळत नाही, म्हणून ती असं बोलते; आणि मोठ्या मनाने त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?" कुंदाबाईंनी मटाराचे दाणे मागे चिरागच्या तळहातावर ठेवले. "खा रे भैया. गोड आहे."

पण प्रश्न जिथल्या तिथे राहिला. कुंदाबाई चार दिवस आधी जाणार, आणि बाजारातलं कुठलंही यंत्र माझ्याकडे-तुमच्याकडे म्हणत नाही. नीलकंठरावांना बंडूच्या पिशवीतला फेटा दिसायला लागला. दुकानात परतल्यावर ते स्टुलावर बसून राहिले. चिराग डोकं खाजवत होता. मग अचानक त्याने काउंटरखालचा खण उपसला. वायरी, जुने रिमोट, आणि तळाशी एक जुनं, कुणीतरी विकून गेलेलं हातभर वायरीचं यंत्र.

"इसमें एक चीज़ थी," तो म्हणाला, "जो कोई यूज़ नहीं करता था. नक्शा मैं नया डाल दूँगा. लेकिन इसमें अपनी आवाज़ भर सकते हैं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग तिघांना एकदमच हसू फुटलं. चिरागला तर उचकी लागली. बजेटच्या निम्म्यात सौदा झाला. वर चिरागने गाडीत लावायचा गणपती फुकट दिला, कारण त्याच्या मते त्याची गरज होती.

ध्वनिमुद्रण कांचघरच्या स्वयंपाकघरात झालं. यंत्र एकेक वाक्य मागायचं आणि कुंदाबाई द्यायच्या. 'बाएँ' मागितलं: "माझ्याकडे वळा." 'दाएँ' मागितलं: "तुमच्याकडे वळा." 'दो सौ मीटर बाद' मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मीटर-फिटर मी नाही म्हणत," आणि बोलल्या, "येऊन राहिलं वळण, हळू घ्या." माघारी फिरायच्या जागी भरलं, "फिरा आता. सांगत होती मी." चौकाच्या वाक्यात कुकरची शिट्टी आली, ती नीलकंठरावांनी तशीच ठेवायला लावली. आणि 'आप पहुँच गए हैं'ला कुंदाबाईंनी सवयीने म्हटलं, "आलं. हात-पाय धुवा."

लग्नाच्या सकाळी थंडी होती, नीलकंठरावांच्या अंगात कोट होता आणि शेजारच्या सीटवर गुरुजी. गाडी अधारताल ओलांडून जाईपर्यंत गुरुजी डुलक्या घेत होते.

"माझ्याकडे वळा," काचेवरून आवाज आला.

गुरुजी दचकून जागे झाले. "कोण बोलून राहिलं?"

"घरचे," नीलकंठराव म्हणाले आणि गुरुजींच्या अंगावर येत वळले.

थोड्या वेळाने शिट्टी झाली. गुरुजींनी भात कुठे लागलाय ते बघायला मागे पाहिलं. सिहोऱ्याला हायवे सोडायची वेळ आली, मागच्या वेळी चुकलेलं तेच ते वळण, आणि नेमके गुरुजी पूर्ण जागे झाले.

"डावीकडे घ्या, डावीकडे! मी मागच्या साली आलो होतो!"

"तुमच्याकडे वळा," कुंदाबाई म्हणाल्या.

गुरुजी चाळीस वर्षं वेद म्हणत होते. कुंदाबाईंच्या पाठीमागे कुठलंही शास्त्र नव्हतं, फक्त कुकर होता. नीलकंठरावांनी डोळे किंचित मिटले आणि स्वतःकडे वळले.

नदी आली नाही. म्हैस आली नाही. शेतं आली, मझौलीची पाटी आली, मग मांडव आला, आणि सनईच्याही वरच्या आवाजात यंत्र ओरडलं, "आलं. हात-पाय धुवा." मांडवाच्या दारात बंडू फेटा बांधून उभा होता. एक टोक अजून हातात होतं.

"आले काय दादा?" त्याचा चेहरा फेट्यासारखा सुटला. "मी म्हटलं, न जाणो..."

"नो-गो," नीलकंठराव म्हणाले आणि त्याला मिठी मारून आत गेले.

त्यांनी मैत्रेयीचा हात धरला आणि तिला बोहल्यावर आणलं. मंगलाष्टकं सुरू झाली. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "मामाजी! थोड़ा राइट में! राइट में आइए!"

नीलकंठराव जागच्या जागी थिजले. कोटाची बाही लांब होती. त्यांनी ती घाईघाईने वर सारली, मनगटाकडे पाहिलं, आणि तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून, अक्षतांची मूठ वर धरून, कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "माझ्याकडे!"

मनगटावरची नजर न काढता ते तिकडे सरकले. फोटो निघाला.

तो फोटो आता मानपत्राशेजारी लागला आहे. त्यात मामा नवरीच्या पाठीशी उभे असून घड्याळ पाहत आहेत. मुहूर्ताची इतकी काळजी करणारा मामा पाहिला नाही, असं त्या लग्नाला आलेले सगळे पाहुणे म्हणतात.

ते घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे.