तायडीला यंदा लागली का?

“हा माझा पोरगा नाय,” हौसाबाई म्हणाल्या आणि पेपरचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवून उठल्या.

मी सीमेवरून परतलो त्याला पुरता एक दिवसही झाला नव्हता. दाढी तशीच होती. मला आपलं वाटत होतं, बाई आता ओवाळतील! “अहो मावशी, मी स्वतः भेटलो त्याला. बाळाराम पाटील, कात्रपचा. त्यानंच नाव सांगितलं.”

“पलटनीत पाटील काय कमी हायत? तुमी माझं मन राखताय, भाऊ.”

मागचं सांगतो. नव्याण्णवचा जून. वर डोंगरात लढाई चालू होती. उल्हासनगरच्या आमच्या चार पानी दैनिकाला लष्कराच्या तुकडीबरोबर राहायची परवानगी मिळाली, हेच नवल. ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी हात वर केला. निघायच्या आदल्या दिवशी हौसाबाई आल्या. बदलापूरजवळच्या कात्रपहून भाजी आणून आमच्या ऑफिसखालच्या मार्केटात बसायच्या. मुलगा सैन्यात, दीड महिना पत्र नाही. म्हणाल्या, “बातमी नको. नुसतं बघून या. जेवतो का नाय, येवढंच.”

तुकडीबरोबर राहायचं म्हणजे जवानांच्या तंबूत झोपायचं, त्यांच्या पंगतीला जेवायचं आणि लिहिलेला प्रत्येक कागद अधिकाऱ्याला दाखवायचा. या कागदाला आम्ही कॉपी म्हणतो. त्यातलं नाव, गाव, पलटण, सगळं कट. उरेल ते कॅम्पच्या फोनवरून ऑफिसला वाचून दाखवायचं. तेव्हाही अधिकारी शेजारी उभा. तपासलेल्या मजकुरापुढे एक शब्द बोलायची सोय नाही. फोटो तर विसराच.

आठ दिवस मी दिसेल त्याला विचारत फिरलो. नवव्या दिवशी एका तोफेपाशी बाळाराम सापडला. धुरानं काळा झालेला, ओठ फुटलेले. बदलापूरकडचा माणूस आलाय म्हटल्यावर पोरगा हसला की रडला, मला आजही सांगता येणार नाही. आम्ही शेजारी बसून जेवलो. मी त्याच्या पोळ्या मोजल्या. पाच खाल्ल्या पठ्ठ्यानं!

हात पुसत म्हणाला, “आयला विचारा, तायडीला यंदा लागली का?”

मी विचारणार, काय लागली? तेवढ्यात हुकूम आला आणि तो तोफेकडे धावला. मी त्याचे शब्द वहीत उतरवून घेतले. तायडी म्हणजे बहीण असणार, आणि लागली म्हणजे नोकरी.

कॉपी वाचताना कॅप्टन साहेबांनी विचारलं, “सिस्टर?”

“असेल, सर.”

“ओके.” तेवढं वाक्य कात्रीतून वाचलं.

फोनवर आमचे संपादक काळे साहेब तापले. “अरे, तोफांचं सांग, तोफांचं! पोळ्या आणि तायडी काय पाठवतोस?”

“आहे तसं घ्या साहेब, पाया पडतो.”

त्यांनी घेतलं. पण पुढे कॉपी उपसंपादकाच्या हातात गेली. हा माणूस मजकुरातल्या चुका काढतो. त्याला वाक्य अर्धवट वाटलं. त्यानं ते पूर्ण केलं, आणि छापून आलं: ‘तायडीचं लग्न यंदा लागलं का?’

“माझ्या बाळूला बहीनच नाय,” हौसाबाई दारात थांबून म्हणाल्या. “ज्याची बहीन लग्नाची हाय, त्याची आय नशिबाची.” पदर तोंडाला लावला होता. मनात म्हटलं, खरंच कुणा दुसऱ्यालाच भेटून आलो की काय? मी घाईघाईनं पिशवीतून वही काढली आणि पान शोधून मोठ्यानं वाचलं, “आयला विचारा, तायडीला यंदा लागली का?”

बाई गर्रकन वळल्या. “परत वाच.”

परत वाचलं. त्या मटकन खालीच बसल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो, तर बाई हसतायत! डोळ्यांतून धारा, आणि हसतायत.

“आरं, तायडी म्हंजे आमचं जांबळाचं झाड! बाळूच्या आधीची पोरगी चार दिवसांची गेली. तिच्या नावानं सासऱ्यानं लावलं. ह्यो तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. दुसरं कोन इचारील तिला?” मग वहीवरच्या त्या ओळीवरून त्यांनी हात फिरवला. वाचता येत नव्हतं त्यांना; कात्रणही शेजाऱ्यानं वाचून दाखवलेलं. “लागली रे बाबा. लय लागली. पन मी हात नाय लावला. दरसाल तोच चढून उतरवतो.”

मीही तिथेच जमिनीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट होती: ‘चूक-दुरुस्ती. आमच्या प्रतिनिधीच्या वृत्तात तायडीचं लग्न लागलं का, असे छापले गेले. ते तायडीला लागली का, असे वाचावे. तायडीला यंदा भरपूर लागली आहेत. उतरवायला माणूस हवा आहे.’ काळे साहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि एकही शब्द न कापता सही केली. तो अंक आम्ही बाळारामला पोस्टानं पाठवला.

माणूस दिवाळीच्या तोंडावर आला. जांभळं अर्थातच केव्हाच संपली होती. तरी आधी तायडीवर चढला, मग घरात शिरला, असं हौसाबाई सांगतात.

आमच्याकडे कुणी नवीन उपसंपादक आला की मी त्याला ती वही दाखवतो. जे कळत नाही ते दुरुस्त करू नकोस, म्हणतो.