पियानोवर नारळाचं पाणी

निपाणीच्या स्टँडवरून साडेसातची बेळगाव गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं आणि पिशवीत निमंत्रणाची पत्रिका. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, वाचायला वेळ लागतो. पण या पत्रिकेत धाकट्या बहिणीचं नाव सापडायला जो वेळ लागला, तो माझ्या शिक्षणामुळे नव्हे. वर अकरा पाहुण्यांची नावं, हुद्द्यांसकट. अगदी खाली, मंडपवाल्याच्या नावाच्या जरा वर, बारीक अक्षरात : पियानोवादन, सुमित्रा. राग तिथूनच चढायला लागला होता.

शेजारच्या बाईने कुठे निघालात म्हणून विचारलं. मी परक्यांशी फारशी बोलत नाही, पण सांगितलं, बहीण पियानो वाजवते.

"लग्नात?"

मी म्हटलं, नाही, एकटीच वाजवते, लोक गप्प बसून ऐकतात.

"आन् गातंय कोण मग?"

"कोण न्हाय."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि संकेश्वरपर्यंत डोळे मिटून घेतले.

संकेश्वरला गाडी थांबली. मी खाली उतरले नाही. उसाने भरलेल्या गाड्या बघत बसले आणि सगळं आठवत राहिले.

आम्ही मूळच्या बेळगावातल्या शहापूरच्या, लग्नानंतर मी निपाणीला आले. आप्पांचा हातमाग होता आणि आई कॅम्पातल्या एका शाळेत झाडलोट करायची. चौथीनंतर मीही तिच्या हाताखाली जाऊ लागले, पाच वर्षांच्या सुमीला घेऊन. शाळेच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. संगीताच्या बाईंनी सुमीला त्याच्या पट्ट्या दाबताना पकडलं. आता मार बसणार असं मला वाटलं. बाईंनी स्टुलावर दोन जाड पुस्तकं ठेवली आणि तिला वर बसवलं. पावसाळ्यात त्या पियानोच्या पट्ट्या फुगायच्या, दाबलेली पट्टी वर यायची नाही. मग मी सुमीच्या उजव्या हाताला बसायची आणि अडकलेली पट्टी नखाने उचलायची. ती वाजवायची, मी उचलायची. असे किती पावसाळे गेले.

बाईंनी तेरा वर्षं शिकवलं. मग सुमी चेन्नईला गेली, तिथून जर्मनीला. रोज सात-आठ तास सराव. एक वर्ष उजवा हात इतका दुखला की भांडंही उचलवेना. दुसऱ्यांच्या गाण्याला साथ करून तिने दिवस काढले. आता तिकडच्या मोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवते. इकडचे नातेवाईक मात्र वर्षानुवर्षं विचारत होते, "प्वॉट भरतंय व्हय त्यानं?" स्वतःच्या गावात ती आज पहिल्यांदा वाजवणार होती. बाई आता राहिल्या नाहीत. त्यांनी शेवटी शिकवलेली चाळीस मिनिटांची रचना वाजवायची, एवढ्यासाठी सुमी आली होती. आणि ती रचना शाळेतल्या त्याच जुन्या पियानोवर वाजवायची, हा तिचा हट्ट.

बेळगावात उतरून रिक्षा केली. कॅम्पातली झाडं अजून तशीच आहेत, रस्त्यावर सावली पडते. सुमी हॉलच्या पायरीवर बसली होती. गाठोडं सोडून तिने तिथेच भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, जर्मनीहून आलेली असं कुणी म्हटलं नसतं. पियानोचे सूर लावायला गोव्याहून माणूस आला होता. दोन दिवस खपून तो सकाळीच परत गेला होता. सुमीने एक पट्टी दाबून दाखवली. "बघ आक्का, आता अडकत न्हाय."

चारला समारंभ सुरू झाला. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. आधी दीप लावला. मग निवेदक म्हणाला, आता वाद्यपूजन. अध्यक्ष पियानोपाशी गेले. हळद-कुंकू पट्ट्यांवरच वाहिलं. नारळ फोडला, आणि नवी गाडी घेतल्यावर तिच्यावर शिंपडतात तसं त्याचं पाणी पट्ट्यांवर शिंपडलं. शिंपडलं कसलं, फोटो नीट यावा म्हणून सावकाश ओतलं. सुमी खुर्चीतून अर्धी उठली. तेवढ्यात निवेदकाने टाळ्या मागितल्या. एका कार्यकर्त्याने रुमालाने वरवर पुसलं आणि झाकण लावून वर हारांचं ताट ठेवलं.

मग दीड तास भाषणं. कला, संस्कृती, सीमाभाग, सगळं झालं. झाकणाखाली पाणी लाकडात मुरत असणार, आणि मी मागून नुसती बघत होते. मला उठून बोलता आलं नाही.

शेवटी निवेदक म्हणाला, वेळ कमी आहे, ताईंनी दहा मिनिटांत एखादं ओळखीचं गाणं वाजवावं.

सुमीने ताट उतरवून खाली ठेवलं. झाकण उघडून पट्ट्या दाबून पाहिल्या. उजवीकडच्या पाच वर आल्याच नाहीत. ती माइकपाशी आली. "चाळीस मिनिटं लागतील. ज्यांना घाई आहे त्यांनी जावं." मग हॉलभर बघून म्हणाली, "आक्का, वर ये. नखं हाईत न्हवं अजून?"

नखं होती. मी विड्या वळते, विडीचं तोंड दुमडायला अंगठ्याचं नख राखावं लागतं. पाचशे लोकांच्या मधून मी कशी गेले ते आठवत नाही. तिच्या उजव्या हाताला बसले. ती वाजवत होती, मी उचलत होते. तीनदा मला उशीर झाला आणि तीनदा तो सूर मेला. लोकांना कळलं नसेल, मला कळलं. पुढच्या रांगेतले पाहुणे एकेक करून उठून गेले. मागचे बसून राहिले.

संपल्यावर अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही मधे काय करत होता? सगळ्या फोटोंत आलाय."

"तुमच्या नारळाचं पाणी उपसत हुते," मी म्हटलं. "आमच्या आप्पांनी जलमभर खंडेनवमीला मागाची पूजा केली. पर ताण्यावर, मागावर ताणल्याल्या सुतावर, कवा पाण्याचा थेंब पडू दिला न्हाय. त्येच्यावर आमी जेवत हुतो."

ते हसले आणि सुमीच्या हातात शाल-नारळ देऊन गाडीत बसले. शाल सुमीने ठेवली, नारळ मला दिला.

परतीच्या गाडीत तो नारळ माझ्या मांडीवर होता. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं, राग काही उतरला नाही. सुमीला तिकडे कुणी पुजत नाही, पण ती बसण्याआधी पियानोजवळ पाण्याचा पेला नेऊ देत नाहीत. इथे तिला हार घातले आणि तिची बोटं जिथे पडणार तिथेच पाणी ओतलं. याला मान म्हणायचं का?

नारळाचा यात काही दोष नव्हता. घरी आल्यावर मी तो न्हाणीच्या दगडावर फोडला, खाली तांब्या धरून. एक थेंब सांडू दिला नाही.