पुतळाबाईंनी पाटी उतरवली

पुतळाबाई,

तुमच्या दारात भांडून गेलेल्यांची बाजू नेरूळच्या आमच्या अख्ख्या सेक्टरला पाठ आहे. तुमची कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते, गोष्टीसारखी. चुकलं तर नंतर सांगा, मध्ये बोलू नका.

नवी मुंबई वसवताना शेतजमीन सरकारने घेतली, तेव्हा नेरूळशेजारच्या शिरवणे गावातल्या पुतळाबाईंना हातावर हात ठेवून बसवेना. सासूने शिकवलेले मेथीचे लाडू त्या सोसायट्यांमधल्या बाळंतिणींना करून देऊ लागल्या. मेथीचं पीठ तुपात मुरवायचं, म्हणजे कडवटपणा मरतो. मग कणीक, खारीक, खोबरं आणि गूळ. लाडू खपू लागले तशी मुलाने, विपुलने, दारावर पाटी लावली: 'मधुमेहावर रामबाण'. त्याला हे कोणी सांगितलं? कोणीही नाही. मेथी कडू, साखर गोड. कडवाने गोड कापलं जातं, हे गावात सगळे धरूनच चालत. पुतळाबाईसुद्धा.

म्हणून नवऱ्याला, गोटीरामना, साखरेचा रोग निघाला तेव्हा बाईंनी त्यांच्यासाठी वेगळे लाडू वळले. मेथी मुरवलीच नाही. जीभ वाकडी होईल असा कडूजहर लाडू. औषध म्हटलं की कडूच हवं! गूळ मात्र तेवढाच, कारण गुळाशिवाय लाडू वळणार कसा? गोटीराम तोंड वेडंवाकडं करत सकाळ-संध्याकाळ खायचे. डॉक्टरच्या गोळ्या देवाच्या फळीवर पडून राहिल्या.

मग एका बांधकामावर त्यांच्या पायात खिळा घुसला. जखम भरेना. अंगठा काळा पडला तेव्हा कुठे वाशीच्या दवाखान्यात नेलं. तिथे क्षिप्रा नावाची तरुण डॉक्टरीण होती.

"काका, गोळ्या घेता ना?"

"गोळ्या कशाला? घरचं औषध हाय. हिचे लाडू."

"मावशी, मेथी किती घालता?"

"वाटीभर."

"आणि गूळ?"

"चार वाट्या," पुतळाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण ओरडली नाही. "मेथीने साखर थोडीफार आटोक्यात राहते, मावशी. त्यात तथ्य आहे, प्रयोग झालेत तसे. पण ती नुसती मेथी, आणि गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांऐवजी नाही. जिभेला कडू लागलं म्हणून पोटात गेलेला गूळ कमी होत नाही. आणि गूळ म्हणजे साखरच, रंग तेवढा वेगळा."

अंगठा कापावा लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर पुतळाबाईंनी चपला काढायच्या आधी पाटी काढली.

"आई, येडी झालीस का?" विपुल धावत आला. "ऐन थंडीचा सीझन! वाशीचा दुकानदार रामबाण बघूनच माल उचलतो. सगळेच लिवतात असं."

"सगळ्यांच्या बापाचा अंगठा गेला का?"

दुकानदार स्वतः आला. रामबाण नको तर नको, निदान 'औषधी' एवढं तरी लिहा, म्हणाला. नाहीतर ऑर्डर रद्द. सीझनची निम्मी विक्री त्याच्या दुकानातून व्हायची. बाईंनी त्याला चहा पाजला आणि दार दाखवलं.

मग आले सोसायटीचे कमळाकर. रिटायर्ड माणूस, साखर अडीचशे.

"पुतळाबाई, माझे दोन किलो."

"तुमाला नाय."

"अहो, गूळ नैसर्गिक असतो!"

"नैसर्गिक तर साप पन हाय."

"पैसे देतोय मी, फुकट मागत नाही!"

"मग बाजूच्या दुकानात जावा. तो उंदराचं औषध पन पैसे घेऊनच देतो."

कमळाकर आठ दिवस सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरले की गाववाल्यांना माज आलाय.

दुसऱ्या टोकाची माणसंही होतीच. तिसऱ्या मजल्यावरची स्मिता म्हणाली, "बरं झालं बंद केलंत. हे जुनं सगळं खुळचटच."

"बंद कोनी केलं? आनि बाळंतपनात डबाभर खाल्लेस ते खुळचट नव्हते का गं? तूप, खोबरं, गूळ खाल्ल्यावर ओल्या बाळंतिनीला ताकद येनारच. खाऊ हाय तो. खाऊला खाऊ म्हना, संपलं."

घरात गोटीरामना रोज भिजवलेली मेथी मिळे, बिनगुळाची, आणि गोळी त्या स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवत. गिळेपर्यंत समोरून हलत नसत.

विक्री निम्म्यावर आली. विपुल महिनाभर आईशी धड बोलला नाही. बाई हटल्या नाहीत.

पुतळाबाई, त्याच महिन्यात आपण दोघी वाशीच्या छापखान्यात गेलो होतो. पाकिटावरचा मजकूर तुम्ही सांगितलात, मी लिहिला: 'मेथीचे लाडू. खाऊ आहे, औषध नाही. साखरेचा आजार असणाऱ्यांनी घेऊ नये.' छापखानेवाला हसला. "ताई, असं कोण छापतं? गिऱ्हाईक पळून जाईल."

"जाऊ दे," तुम्ही म्हणालात. "पाय शाबूत असले तरच पळेल ना!"

पाकिटं गुरुवारी तयार ठेवतो म्हणाला. बसने जाऊन आणायची ठरली. त्या गुरुवारी तुमच्याकडे घाईची ऑर्डर निघाली, पुढच्या खेपेला माझं डोळ्याचं ऑपरेशन. मग तुम्ही कोऱ्या पिशव्यांतच लाडू भरू लागलात आणि गिऱ्हाइकागणिक तोंडाने दम देऊ लागलात. ती पाकिटं आणायला आपण काही गेलो नाही.