मिठाने अडवलेली फटफटी

मीठ जगात पुष्कळांनी पिकवलं, पुष्कळांनी खाल्लं. पण मिठाने गाडी रोखून धरणारा माणूस एकच झाला आणि माझं नशीब असं की तो माझा धाकटा साडू निघाला. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या त्या दिवसांत भाईंदरच्या मिठागरांपाशी आमची घरं शेजारी, बायका सख्ख्या बहिणी. फरक इतकाच, की माझ्या दारात बैलगाडी होती आणि त्याच्या दारात तीन चाकांची फटफटी. मुंबईच्या कुणा सोडावॉटरवाल्याने मोडीत काढलेल्या त्या गाडीचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जाई, पण ब्रेक नावाची वस्तू तिला ठाऊक नव्हती. तीन चाकांमुळे ती पडत नसे. घरंगळे मात्र मनाला येईल तेव्हा. म्हणून साडू उतरला की आधी उताराच्या बाजूने चाकांना मिठाच्या पिशव्या टेकवी, गाडीला थोपटी आणि मगच चपला काढी. जेवायला दाराकडे तोंड करून बसे आणि दोनदा तरी उठून पिशव्या चाचपून येई. दगड लाव म्हटलं तर त्याला राग येई. "दगड कुनाचा बी असतो, दादा. मीठ आपलं हाय."

मी त्याच्यावर जळत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. वरसाव्याला, आमच्या सासुरवाडीला, सासूबाई मला पाण्याचा तांब्या देतादेताच "फटफटी कुठवर आली?" म्हणून विचारीत. तरी एक मान माझा होता: घरातल्या नवरदेवाची गाडी थोरल्या जावयाने हाकायची. धाकट्या मेहुण्याच्या लग्नात सासूबाईंनी तोही काढून घेतला. नवरदेव फटफटीवरून जाणार, असं ठरलं.

लग्नाच्या दिवशी सासूबाईंच्या घरी साडू आत जेवत होता. गाडी नाही तर नाही, निदान तिच्याजवळ दिसावं, म्हणून मी ती धुवायला काढली. बायका बघताहेत म्हटल्यावर विहिरीवरून हंड्यावर हंडे ओतले. पाण्यात मीठ विरघळतं हे, तीन पिढ्या मिठागरात गेलेल्या मला, फटफटी तोरणासकट हलली तेव्हा आठवलं. ती सावकाश उतारावरून गेली आणि हँडलपर्यंत खाडीच्या चिखलात बसली.

साडू उष्ट्या हाताने धावत आला. त्याने रिकाम्या पिशव्या पाहिल्या, माझं ओलं धोतर पाहिलं. सासूबाई मागे उभ्याच होत्या.

"मामी, मीच धुवाया सांगितली दादाला," तो म्हणाला. "त्याची काय चूक न्हाय."

नवरदेव माझ्याच बैलगाडीतून गेला. कासरे माझ्या हातात होते, पण मागे बसलेल्या साडूकडे वळून बघायची छाती होत नव्हती. नवरीच्या दारात गाडी थांबली तसा साडू सवयीने खाली उतरला आणि खिशातली मिठाची पुरचुंडी माझ्या चाकाला टेकवून, गाडीला थोपटून, चपला काढून आत गेला.

आज साडू नाही. फटफटीचा हेवा त्या चिखलातच राहिला. पण ते खोटं त्याला किती सहज सुचलं, त्याचा हेवा अजून जात नाही. घरी आलो की मीही आधी चाकाला मीठ लावतो, मगच चपला काढतो.