स्टँडवाल्या काकूंचा सरळ प्रश्न

आमच्या नागपूरच्या कॉलेजात गाड्यांचा स्टँड सांभाळणाऱ्या काकूंना आडवळणाने बोलणं ठाऊकच नव्हतं. आवाज असा, की त्या गेटवर ओरडल्या तर तिसऱ्या मजल्यावरचा तास थांबायचा. पोरांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत, फक्त गाड्या ठेवल्या. तीन वर्षं मी 'निळी स्कूटी' होते.

दुसऱ्या वर्षी माझे तीन विषय राहिले. महाल भागातल्या आमच्या घरी हे सांगायची छाती झाली नाही. रोज वेळेवर निघायचं, गाडी लावायची आणि वर्गात न जाता तिच्यावरच बसून राहायचं. मैत्रिणी पाहून न पाहिल्यासारखं करत. चौथ्या दिवशी काकू आपलं स्टूल ओढत आल्या आणि शेजारी बसल्या.

"काहून वं निळी स्कूटी, मरावंसं वाटून राहिलं का तुले?"

मला संतापच आला. असं कुणी विचारतं का? पण तोंडून "हो" निघून गेलं. काकू दचकल्या नाहीत. "सांगतलं ते बरं केलं. मले यातलं समजत नाही. ज्या मॅडमले समजते, तिच्याकडं जाऊ. चाल." गेटला साखळी लावून त्यांनी मला हाताला धरून समुपदेशक मॅडमच्या खोलीपर्यंत नेलं आणि तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. खाली पोरं बोंबलत होती. प्राचार्यांनी जाब विचारला, तर म्हणाल्या, "गाड्या कुठी पळून चालल्या होत्या?"

पुढे कित्येक महिने दर गुरुवारी मॅडमना भेटून आल्याशिवाय मला गाडी मिळायची नाही. मी बरी झाले त्यात मॅडमचा आणि औषधांचा वाटा मोठा, पण त्या दारापर्यंत मी एकटी कधीच गेले नसते. कॉलेज संपताना काकूंना विचारलं, असं विचारायची भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "एका पोरीले नाही विचारलं मी. भेव वाटलं. मंग तिची गाडी न्यायले तिचा बाप आला."

काकू मागच्या वर्षी वारल्या. मी खूप रडले. आता मी त्याच कॉलेजात शिकवते. परवा एक मुलगा सलग दुसऱ्या दिवशी जिन्यात बसलेला दिसला. आधी मी माझे शिकलेले शब्द वापरले, ताण आहे का, झोप लागते का. तो नुसता "ठीक आहे मॅडम" म्हणत राहिला. मग मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि काकूंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

आम्ही दोघं समुपदेशकांच्या खोलीकडे निघालो. वर माझा वर्ग खोळंबला होता. पोरं कुठी पळून चालली होती?